प्रार्थना कमी पडली का?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत होती, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझ्या आईची बायपास झाली आणि नंतर इन्फेक्शन होऊन ती गेली. सगळं घर, नातेवाईक, तिच्या मैत्रिणी, सगळ्यांनी प्रार्थना केली होती, रोज रात्री ठरलेल्या वेळी आम्ही सगळे एकत्र करायचो. आता एक जवळच्या नातेवाईक मला म्हणाल्या की तू मनापासून केली असतीस तर आई वाचली असती, तुझ्याच मनात शंका होती. आणि खरं सांगते, शंका होती. तेव्हापासून हात जोडले की आधी हेच आठवतं. प्रार्थनेत खरंच ताकद असते का? असेल तर माझी कमी पडली का?

नाही, कमी पडली नाही. उत्तर लांबलचक आहे पण हे एवढं आधी वाचा, कारण तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ वाचून मला फार त्रास झाला.

ज्या ऑपरेशननंतर तुमची आई गेली, नेमक्या त्याच ऑपरेशनच्या पेशंटवर प्रार्थनेचा एक खूप मोठा प्रयोग झालाय, म्हणून तो जरा नीट सांगते. अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांमधले बायपासचे १८०२ पेशंट घेतले होते. प्रयोगाचे प्रमुख हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन, आणि हे बेन्सन श्रद्धेची टिंगल करणारे अजिबात नव्हते, ध्यान आणि प्रार्थनेने शरीर शांत होतं हे वर्षानुवर्षं सांगत आलेले डॉक्टर. पेशंटचे चिठ्ठ्या उचलाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, आणि त्यातल्या एका गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की नक्की होणार आहे, आणि झाली. प्रार्थना करणारे म्हणजे ज्यांचा रोजचा दिवसच प्रार्थनेत जातो असे लोक, त्यांना पेशंटचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर दिलं होतं, आणि त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून सुरू करून १४ दिवस ऑपरेशन नीट होऊ दे, लवकर बरं वाटू दे, काही गुंतागुंत होऊ नये, असं मागितलं. निकाल २००६ साली छापून आला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना ते माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झालीच नाही त्यांच्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाचा आकडा वेगळा आला, त्याबद्दल शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

आता यातून तुमच्यापुरती गोष्ट बघा. ज्यांच्या मनात शंकेला जागा नव्हती, ज्यांचं आयुष्यच त्यात गेलं, त्यांच्या प्रार्थनेनेही गुंतागुंतीचा आकडा हलला नाही. मग तुमच्या मनातल्या थोड्याशा शंकेने आईचं इन्फेक्शन वाढलं असं कोणी कुठल्या तोंडाने म्हणतं?

याच्या उलटे निकालही आलेत हे सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका डॉक्टरांनी हार्टच्या ३९३ पेशंटवर असाच अभ्यास छापला, त्यात प्रार्थना झालेल्या गटाला व्हेंटिलेटर आणि अँटिबायोटिक कमी लागले असं दिसलं. पण दोन्ही गटांतले मृत्यू आणि हॉस्पिटलातले दिवस यात फरक नव्हता, आणि पंचवीसेक गोष्टी मोजल्या की त्यातल्या काही नुसत्या योगायोगानेही चांगल्या दिसतात, अशी टीका झाली, ती मला पटते. पुढे २००९ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेने (औषधोपचारांचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासायचं काम ती करते) असे १० अभ्यास, मिळून ७६४६ पेशंट, एकत्र पाहिले आणि दूर बसून केलेल्या प्रार्थनेचा स्पष्ट परिणाम त्यांना सापडला नाही. त्याहून खूप आधी, १८७२ साली, फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने साधा प्रश्न विचारला होता, की राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभर दर आठवड्याला प्रार्थना होते, मग राजघराण्यातली माणसं जास्त जगतात का. त्याने वयं काढली तर वकील, डॉक्टर, धर्मगुरू, जमीनदार या सगळ्या खात्यापित्या वर्गांमध्ये राजघराण्याचीच सरासरी सगळ्यात कमी निघाली.

तुमच्या नातेवाईक म्हणतील की देव असा प्रयोगात बसत नाही. खरंय, मलाही तसंच वाटतं, मी स्वतः रोज प्रार्थना करते आणि ती काही मोजमापासाठी करत नाही. शिवाय बेन्सन यांच्या प्रयोगात घरच्यांची प्रार्थना कोणी थांबवली नव्हती, तिन्ही गटांतल्या बहुतेकांसाठी घरचे करतच होते, त्यामुळे तिथे तपासली गेली ती परक्या माणसांनी केलेली जास्तीची प्रार्थना. हे सगळं मान्य. पण देव मोजमापात बसत नाही असं एकदा म्हटलं की तोच नियम त्यांनाही लागू होतो ना. जी गोष्ट मोजता येत नाही ती मोजून “तुझी कमी पडली” हा हिशोब त्या कुठून काढतात? श्रद्धेच्या बाजूने बघा किंवा विज्ञानाच्या, हा आरोप दोन्हीकडे टिकत नाही.

आणि शंकेचं म्हणाल तर आपल्या संतांच्या प्रार्थना वाचा. भांडण आहे, रुसणं आहे, तू आहेस तरी का असं तोंडावर विचारणं आहे. शंका असलेली प्रार्थना खोटी असती तर त्यातलं अर्धं अधिक आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

अजून एक गोष्ट मुद्दाम लिहिते, त्या बाईंनी वाचावी म्हणून. केनेथ पार्गमेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ श्रद्धा आणि आजारपण यावरच काम करत आलेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंचावन्नच्या पुढच्या, हॉस्पिटलात दाखल झालेल्या सुमारे ६०० पेशंटचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय, असं ज्यांच्या मनात होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, त्यांची तब्येत आधी कशी होती हे हिशोबात धरूनही. म्हणजे श्रद्धा आधार देते तशीच ती जखमही करू शकते, आणि आजारी किंवा दुःखातल्या माणसाला “तुझंच कुठेतरी चुकलं” म्हणणं ही साधी बोलाचाली नाही.

तुम्ही सध्या काही मागू नका. हात जोडावेसे वाटले तर आईशी बोला, दोन मिनिटं. तेही नको वाटलं तर राहू द्या. आणि रात्री झोप लागत नसेल, तेच तेच आठवत असेल, असं महिनोन्महिने चाललं असेल तर समुपदेशकाला भेटा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मी इंजिनियर आहे, देव मानत नाही. बायको रोज सकाळी प्रार्थना करते आणि तिला खरंच फरक पडतो हे मला दिसतं, ती शांत असते. मी तिला म्हणतो हा मनाचा खेळ आहे, त्यावरून वाद होतात. बरोबर कोण?

तुम्हाला दिसतोय तो फरक खरा आहे, ही गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीय. वाद आहे तो कारणावरून, आणि कारणाबद्दल बरंच काही माहीत झालंय.

इटलीतल्या लुचानो बर्नार्डी या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला आणि श्वास, नाडी, रक्तदाब मोजत राहिले. दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला, एरवी आपण याच्या दुपटीहून जास्त वेळा घेतो. आणि त्या लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगलं काम करायला लागली. हा अभ्यास २००१ चा. कुठे युरोपातली जपमाळ आणि कुठे तिबेटमधला मंत्र, तरी श्वासाची लय जवळजवळ तीच, मला तरी हे वाचून फार आनंद झाला होता.

आता तुम्ही म्हणाल मग नुसता श्वास मोजला तरी झालं, देव कशाला हवा. इथेच गंमत आहे. २००५ सालच्या एका प्रयोगात (वर लिहिलेले पार्गमेंट त्यातही होते) कॉलेजच्या मुलांना रोज २० मिनिटं असं दोन आठवडे ध्यान करायला सांगितलं, काहींना देवाबद्दलचं वाक्य घेऊन, काहींना “मी समाधानी आहे” अशा धाटणीचं साधं वाक्य घेऊन, आणि मग बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं. देवाचं वाक्य घेतलेल्यांनी जवळजवळ दुप्पट वेळ हात ठेवला. दुखणं त्यांना कमी वाटलं असं नाही, सहन जास्त झालं.

आणि डेन्मार्कमध्ये २००९ साली २० श्रद्धाळू लोकांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. पाठ असलेली प्रार्थना म्हणताना वेगळं चित्र आणि स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलताना वेगळं. स्वतःच्या शब्दांत बोलताना मेंदूचे ते भाग जागे झाले जे आपण समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना वापरतो. तुलनेसाठी त्याच लोकांना सांताक्लॉजकडे मागणी करायला सांगितलं, तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे तुमच्या बायकोच्या मनात त्या वेळी कोणाशी तरी खरंखुरं बोलणं चालू असतं. पलीकडे कोणी ऐकतंय का हे स्कॅनर सांगत नाही, ते तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही. पण “मनाचा खेळ” म्हटलं की त्यात “फालतू” हा अर्थ चिकटून येतो, आणि वाद त्यावरून होतायत असं मला वाटतं. तो शब्द तेवढा सोडा, मत बदलायची गरज नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला (वय ९) टाईप वन डायबेटिस आहे. भाऊ आणि त्याची बायको प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्या एका माणसाकडे जायला लागलेत. तो म्हणतो इंजेक्शन चालू ठेवणं म्हणजे विश्वास नसणं. त्यांनी डोस कमी केलेत. मी बोललो तर म्हणतात दादा तू नास्तिक आहेस.

दादा, हे पत्र बाजूला ठेवून आधी फोन करा. पोराला उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि भराभर चालला असेल, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल किंवा तो सुस्त पडून असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. टाईप वनमध्ये इन्सुलिन शरीरात जवळपास तयारच होत नाही, ते बाहेरून थांबलं तर काही दिवसांत, कधी काही तासांतही, जिवावर बेततं. यात मत-मतांतराला जागा नाही. मुलाच्या डॉक्टरांना आजच सगळं सांगा, त्यांच्याकडून भावाला फोन करवा, आणि तरीही डोस पूर्ण मिळत नसतील तर बालकल्याण समितीकडे किंवा १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर जायला कचरू नका. भाऊ दुखावेल, पण पोर राहील.

भावाशी देव आहे की नाही यावर बोलू नका, तिथे तुम्ही हरणार. त्याला एवढंच विचारा. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोमध्ये पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं, वय १४. त्याआधी हा आजार झालेली मुलं जगत नसत, बहुतेक जण महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत जायची. मग १९२२ च्या आधीच्या आईबापांनी प्रार्थना केली नसेल का? जगातल्या सगळ्या धर्मांतल्या सगळ्या आईबापांनी केली असेल, जीव तोडून केली असेल. त्यांच्या सगळ्यांच्या विश्वासात खोट होती का? आणि त्यांनी जे मागितलं ते आज भावाच्या घरात फ्रिजमध्ये ठेवलेलं आहे. श्रद्धा असलेल्या माणसाने ते नाकारणं हे मला तरी श्रद्धेविरुद्धच वाटतं.

अमेरिकेत दोन अभ्यासकांनी १९७५ ते १९९५ या काळातले, धार्मिक कारणाने उपचार न दिल्यामुळे गेलेल्या १७२ मुलांचे मृत्यू तपासले होते. त्यातल्या १४० मुलांना असे आजार होते की उपचार मिळाले असते तर वाचायची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. त्यांचे आईबाप वाईट नव्हते, त्यांचं मुलांवर प्रेम होतं, हे लिहितानाही हात जड होतो. इंजेक्शन देताना प्रार्थना करा म्हणावं, रोज करा, मोठ्याने करा. फक्त इंजेक्शन द्या.

प्रश्न : ताई मी २४ वर्षांची आहे. बिझनेसमध्ये पार्टनर असलेल्या मैत्रिणीने मला फसवलं. सगळे म्हणतात तिच्यासाठी प्रार्थना कर, मन हलकं होईल. मला जमत नाही, तिचं नाव घेतलं की अंगाची आग होते.

मग तिचं नाव घेऊच नकोस. हे सगळे जे सांगतात ते फार वरच्या पायरीचं आहे, पहिल्या दिवशी तिथे उडी मारायला कोणी सांगितलंय.

२०११ सालचा एक अभ्यास तुझ्या कामाचा आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या लिखाणावर मुद्दाम अपमान करणारे शेरे दिले, पोरं भडकली, आणि मग काहींना एका कॅन्सर झालेल्या अनोळखी बाईसाठी पाच मिनिटं प्रार्थना करायला सांगितलं तर काहींना तिच्याबद्दल नुसता विचार करायला. प्रार्थना करणाऱ्यांचा राग जास्त उतरला. बघ, ज्याने अपमान केला त्याच्यासाठी प्रार्थना करायची गरजच पडली नाही, भलत्याच गरजू माणसासाठी केली तरी चाललं. तुझ्या ओळखीत कोणीतरी आजारी असेल, अडचणीत असेल, तिथून सुरुवात कर. आणि राग उतरणं म्हणजे पैसे सोडणं नव्हे हं, कागदपत्रं नीट गोळा कर, वकिलाला दाखव.

प्रश्न : प्रार्थना कोणत्या वेळी करावी, किती वेळ, मोठ्याने की मनात?

जी वेळ रोज जमेल ती. बाकी कोणी नियम सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधल्या एकांचं मोठं ऑपरेशन आहे. आम्ही सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करणार आहोत. हे त्यांना सांगावं का? काही जण म्हणतात सांगितलं की पेशंटला बळ येतं.

येतं, पण नेहमीच नाही, आणि आता तो राहिलेला तिसरा गट. बायपासच्या त्या प्रयोगात ज्यांना “तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे” असं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के निघाली, बाकी दोघांपेक्षा जास्त. का, ते कोणालाच पक्कं सांगता आलं नाही, नुसता योगायोगही असू शकतो असं संशोधकांनीच म्हटलं. एक अंदाज असा होता की पेशंट मनात घाबरले असतील, माझी अवस्था एवढी वाईट आहे का की प्रार्थना करणाऱ्या लोकांना बोलवावं लागलं. मी या आकड्यावरून मोठं काही काढणार नाही, पण ती भीती मला ओळखीची वाटते, आजारी माणसाच्या खाटेपाशी बसलेल्या कोणालाही वाटेल.

आणखी एक. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये, चक्रीवादळात सापडलेल्या भागात, एक प्रयोग झाला, २०१९ साली तो छापून आला. तुमच्यासाठी कोणी प्रार्थना करावी याची तुम्हाला किती किंमत आहे हे खऱ्या पैशांनी तपासलं. ख्रिश्चन लोक प्रार्थना मिळावी म्हणून हातातले पैसे सोडायला तयार होते, आणि देव न मानणारे उलट ती होऊ नये म्हणून पैसे सोडायला तयार होते! म्हणजे तीच कृती एकाला माया वाटते आणि दुसऱ्याला नकोशी.

त्यामुळे तुमचे ते मित्र कसे आहेत यावर ठरवा. मानणारे असतील तर जरूर सांगा, पण साधं सांगा, “आम्ही सगळे तुमची आठवण काढतोय, प्रार्थनेत तुमचं नाव असतं”, एवढंच. सगळं चांगलंच होणार, देव आहे ना, अशी खात्री देऊ नका, कारण मग भीती वाटली तरी ते तुमच्यापाशी बोलू शकणार नाहीत. मानणारे नसतील तर आपापली करा, सांगायची गरज नाही. आणि ग्रुपमध्ये एवढी माणसं आहात तर हॉस्पिटलात रात्री कोण थांबणार, डबा कोण देणार, लागलं तर रक्त कोण देणार, डिस्चार्जच्या दिवशी गाडी कोणाची, याचीही नावं आत्ताच ठरवून त्यांच्या घरच्यांना पाठवून द्या.